अफगाण रयतेची नावे कोण लिहिणार?

आमच्या कारंजा गावाला चार वेशी आहेत. त्यांपैकी एकीचे नाव दिल्ली वेस. मागल्या बाजाराच्या दिवशी एका किराणा दुकानावर आम्ही हिंग घेत होतो. दुकानदाराने डबीवर टिचकी मारून सांगितले, "गुरुजी, माल काबूलकडचा आहे." शेजारी उभे असलेले एक गृहस्थ लगेच म्हणाले, "त्या मुलखातून हिंग तेवढा घ्यावा. बाकी त्या पठाणांच्या रक्तातच मारामारी आहे. ते कधी सुखाने नांदायचे नाहीत." चारचौघांनी माना डोलावल्या. आम्हीही गप्प राहिलो. पण घरी आल्यावर मनाला टोचणी लागली. पाटीवर चुकीचे गणित दिसत असता मास्तराने ते पुसू नये, हे बरे नव्हे. सबब हा लेख.

त्या गृहस्थांचा दोष एकट्याचा नाही. आपल्या बोलण्यातच अफगाण माणूस दोन रूपांनी येतो. कर्ज भारी झाले की आपण 'पठाणी व्याज' म्हणतो, आणि सर्वनाश झाला की 'पानिपत झाले' म्हणतो. एक सावकार, दुसरा अब्दाली. त्या देशात शेतकरी, मेंढपाळ, सुतार, शाळामास्तर असतील हे आपल्या मनातच येत नाही. शिवाय पठाण म्हणजे सारे अफगाण नव्हेत. ताजिक, हजारा, उझबेक हेही त्याच भूमीचे लोक होत.

पानिपताचेच घ्या. १४ जानेवारी १७६१ रोजी अहमदशहा अब्दालीच्या फौजेपुढे आमची पिढीच्या पिढी कापली गेली, हे खरे. पण त्याच रणात मराठ्यांचा तोफखाना सांभाळणारा इब्राहीमखान गारदी मुसलमान होता आणि तो आपल्या बाजूने लढला व शत्रूच्या हाती सापडून मारला गेला. आणखी असे की, त्याच्या तीन वर्षे आधी, १७५८ साली, आपल्याच फौजा अटकेपर्यंत गेल्या होत्या. त्याचा आपणांस अभिमान वाटतो. पण अटकेकडच्या कुणब्याला 'आम्ही येऊ का' असे विचारून कोणी गेले नव्हते. राजे लढतात, रयत मरते. सिंधूच्या अलीकडे काय आणि पलीकडे काय, हा नियम एकच.

आता 'रक्तातच मारामारी' हे म्हणणे हिशोबाला टिकते का ते पाहू. १९१४ ते १९१८ आणि १९३९ ते १९४५ अशी दोन महायुद्धे जगाने पाहिली. सुधारलेल्या म्हणवणाऱ्या युरोपाने त्यांत कोट्यवधी माणसे मारली. अफगाणिस्तान या दोन्ही युद्धांत तटस्थ राहिले. पुढे १९३३ ते १९७३ अशी चाळीस वर्षे जहीरशहाच्या कारकिर्दीत तो देश बहुतांशी शांत होता. १९६४ च्या राज्यघटनेने तेथील स्त्रियांना मताचा हक्क दिला आणि १९६५ साली कुब्रा नूरझाई या बाई आरोग्यमंत्री झाल्या. रक्तातच लढाई असती तर ही चाळीस वर्षे ते रक्त कोठे गेले होते? लढाई रक्तात नसते. ती कोणी तरी आणून घालावी लागते.

ती प्रथम कशी आणून घातली गेली, याची एक खूण आपल्या मुंबईत उभी आहे. कुलाब्याला 'अफगाण चर्च' म्हणून एक उंच मनोऱ्याचे देऊळ आहे. १८५८ साली ते उपासनेला खुले झाले. रशिया येईल या भीतीने इंग्रजांनी काबूलच्या दोस्त महंमदाला काढून शाहशुजाला गादीवर बसविण्याचे ठरविले आणि १८३८ साली सिंधच्या वाटेने फौजा निघाल्या. त्यांतली एक फौज मुंबईहून गेली. आमचे वऱ्हाड तेव्हा निजामाकडे होते. पण मुंबईच्या लष्करात कोकणातले आणि देशावरले पुष्कळ शिपाई असत. त्या मोहिमांत जे मेले त्यांच्या स्मरणार्थ हे देऊळ बांधले. तेथील लेखाचा आशय असा की, अंमलदारांची नावे वेदीजवळच्या भिंतीवर लिहिली आहेत. खालचे हुद्देदार आणि साधे शिपाई मात्र इतके आहेत की त्यांची नावे लिहिणे शक्य नाही.

वाचकहो, हे वाक्य दोनदा वाचावे. जे थोडे मेले त्यांची नावे आहेत. जे फार मेले त्यांची नावे नाहीत, आणि नसण्याचे कारण हेच की ते फार मेले!

काबूलहून झालेल्या माघारीचीही तीच कथा. जानेवारी १८४२ मध्ये इंग्रजी फौज काबूल सोडून बर्फातून निघाली. लढणारे सुमारे साडेचार हजार आणि त्यांच्यामागे पखालवाले, मोतद्दार, स्वयंपाकी, बायामुले मिळून सुमारे बारा हजार. आठ दिवसांत बहुतेक सगळे संपले. १३ जानेवारीस डॉक्टर ब्रायडन घोड्यावरून जलालाबादेस पोचला, आणि 'एकटा ब्रायडन वाचला' अशी गोष्ट जगभर झाली. वास्तविक बर्फाने हातपाय गमावलेले कित्येक हिंदी शिपाई व नोकर मागाहून काबुलात भीक मागताना सापडले. पण ते मोजणीत नव्हते. त्याच वर्षी इंग्रज सूड घ्यायला परत गेले आणि त्यांनी काबूलचा मोठा बाजार उद्ध्वस्त केला. त्या बाजारातल्या दुकानदारांचा काय अपराध होता? त्यांचीही नावे कोठे लिहिलेली नाहीत. आणि ज्याला हाकलण्यासाठी एवढे केले, तो दोस्त महंमद १८४३ साली पुन्हा गादीवर बसला!

दुसऱ्या युद्धात २७ जुलै १८८० रोजी कंदाहारजवळ मैवंद येथे लढाई झाली. इंग्रजांच्या बाजूचे जवळजवळ एक हजार लोक पडले. त्यांत मुंबई लष्कराच्या पलटणी होत्या. त्या लष्करात मराठे, महार, मुसलमान असे सर्व गोरगरिबांचे पुत्र असत. या दुसऱ्या अफगाण युद्धात महार शिपायांनीही भाग घेतला. आणि पुढे १८९२ च्या सुमारास त्यांची भरतीच बंद करून त्यांना त्याचे बक्षीस मिळाले! त्याच मैवंदात अफगाणांच्या बाजूने मलालई नावाची एक मुलगी होती, असे त्यांची आख्यायिका सांगते. मेंढपाळाची पोर. आपले लोक मागे हटू लागले तेव्हा तिने निशाण उचलले आणि ती तेथेच पडली. काबुलात मुलींचे एक नामांकित विद्यालय तिच्या नावाने निघाले. विचार करा: त्या मैदानावर एका बाजूला आमच्या शेतकऱ्याची पोरे, दुसऱ्या बाजूला मेंढपाळाची पोर. या दोघांचे एकमेकांशी भांडण ते काय होते?

पुढे १९१९ साली अमानुल्ला गादीवर आला. त्याने त्याच वर्षी इंग्रजांशी लढून आपल्या देशाचे स्वातंत्र्य मिळविले, गुलामगिरी बंद केली, आणि राणी सुरय्या हिच्या पुढाकाराने १९२१ साली काबुलात मुलींची शाळा काढली. पण सुधारणा वरून आल्या, कराचे ओझे खाली पडले, आणि मुल्लांनी व टोळीप्रमुखांनी रयतेची नाराजी पेटवून दिली. जानेवारी १९२९ मध्ये त्याला गादी सोडावी लागली. परदेशी जाताना हे कुटुंब मुंबईस थांबले असता राणीला मुलगी झाली. तिचे नाव त्यांनी 'इंडिया' ठेवले. मुंबईत जन्मलेल्या त्या राजकन्येला स्वतःचा देश मात्र नांदायला मिळाला नाही.

१९७८ च्या एप्रिलमध्ये लष्करी बंड करून साम्यवादी पक्ष सत्तेवर आला. त्याने जमीनवाटप, सावकारी कर्जाची सूट, मुलीच्या देजाला आळा आणि प्रौढांचे साक्षरतावर्ग असे हुकूम काढले. कागदावर पाहिले तर यांतले बरेच आमच्या बहुजनसमाजाला आवडण्यासारखे. पण मास्तराबरोबर बंदूकवाला पाठविला आणि नाही म्हणणारांना तुरुंगात घातले. १९७९ च्या मार्चमध्ये हेरात शहर उठले. डिसेंबरात रशियन फौजा उतरल्या. त्या १९८९ च्या फेब्रुवारीत परत गेल्या, तोवर दहा लाखांच्या आसपास अफगाण मेले होते. साठ लाखांच्या वर लोक पाकिस्तानात व इराणात निर्वासित झाले. रशियाविरुद्ध अमेरिका, पाकिस्तान आणि सौदी अरबस्तान यांनी शस्त्रे व पैसा ओतला; लढणारा मात्र अफगाण. १९९२ नंतर त्याच शस्त्रांनी निरनिराळ्या सरदारांनी काबूल भाजून काढले. १९९६ त तालिबान आले, २००१ त अमेरिका आली. ब्राउन विद्यापीठाच्या हिशोबाप्रमाणे त्या वीस वर्षांत पावणेदोन लाखांच्या आसपास माणसे मेली, त्यांत चाळीस हजारांहून अधिक निःशस्त्र होती. २०२० त अमेरिकेने तालिबानशी करार केला, तेव्हा काबूलचे सरकारही त्या बैठकीला नव्हते. रयतेची गोष्ट तर दूरच. १५ ऑगस्ट २०२१ रोजी तालिबान पुन्हा काबुलात शिरले.

आणि आता त्या देशात मुलीला सहावीपुढे शाळा नाही. २३ मार्च २०२२ रोजी शाळा उघडणार म्हणून मुली दप्तरे घेऊन गेल्या आणि दारातून रडत परतल्या. त्याच वर्षीच्या डिसेंबरात विद्यापीठे बंद झाली. २०२४ च्या डिसेंबरात परिचारिका व सुईणी यांचे शिक्षणही थांबले. ज्या देशात बाईने परपुरुष वैद्याकडे जाऊ नये म्हणतात, तेथे बाईने वैद्यकही शिकू नये! मग बाळंतिणीने मरावे, एवढाच याचा अर्थ. हा धर्म नव्हे. तसे असते तर जगातल्या इतर मुसलमानी देशांतही सहावीपुढे मुलींची शाळा नसती.

कुलाब्याच्या भिंतीवर नावे लिहिलीच नाहीत. काबूलच्या हजेरीपटावर लिहिलेली नावे खोडली. दोहोंत खोडणारा हात सत्तेचा आहे आणि खोडले जाणारे नाव रयतेचे.

तेथील माणसे मात्र हात बांधून बसली नाहीत. तालिबानच्या पहिल्या अमदानीत हेरातेत 'सोनेरी सुई' नावाचा शिवणवर्ग होता. बुरख्याखाली सुईदोरा घेऊन बाया जात आणि आत बसून साहित्य शिकत. प्राध्यापक लपून शिकवीत. बाहेर खेळणारी पोरे कोणी आले की इशारा देत. आजही घराघरांत चोरून शाळा भरतात. १८४८ साली पुण्यात जोतीरावांनी व सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली ती राजाच्या हुकमाने नव्हे आणि परक्या तोफेनेही नव्हे. अफगाण स्त्रीची ही शाळा त्याच जातीची आहे. वरून आलेली शाळा राजाबरोबर गेली. ही घरातली शाळा टिकेल असे आमचे मत आहे.

आता दुसऱ्यास नावे ठेवण्याआधी आपल्या घरात पाहू. आमच्या खेड्यातील शाळा सातवीपर्यंत. पुढची शाळा लांब. तीन वर्षांपूर्वी आमच्या वर्गातील हुशार मुलगी कापूसवेचणीच्या हंगामात घरी राहू लागली आणि पुढे आलीच नाही. दाखल-खारीज रजिस्टरात कारणाच्या रकान्यात आम्ही स्वतःच्या हाताने लिहिले: 'पालकाच्या विनंतीवरून'. आम्ही तिच्या बापाकडे एकदाही गेलो नाही. पुढल्या वर्षी तिचे लग्न झाल्याचे कळले. काबूलच्या मुलीचे नाव हुकमावरून खारीज होते, आमच्या मुलीचे विनंतीवरून. शाई वेगळी, पण रेघ तीच. तेथे हेरातचा प्राध्यापक जीव मुठीत धरून शिकवितो. येथे आम्हांला कोणी अडविले नव्हते, तरी आम्ही चार पावले चाललो नाही. ही लाज आम्ही येथे छापून घेत आहो, ती दुसऱ्या गुरुजींनी पुढल्या हंगामात घरोघर जावे म्हणून.

सरकारलाही दोन शब्द. सावित्रीबाईंचे नाव २०१४ पासून पुणे विद्यापीठाला आहे आणि तेथे अफगाण विद्यार्थी शिकत आले आहेत. पण २५ ऑगस्ट २०२१ रोजी आपल्या सरकारने अफगाणांना आधी दिलेले व्हिसा रद्द केले आणि सुटीत घरी गेलेले कित्येक विद्यार्थी तिकडेच अडकले. १० ऑक्टोबर २०२५ रोजी तालिबानचे परराष्ट्रमंत्री दिल्लीत असता त्यांच्या पत्रपरिषदेत आमच्या देशातील स्त्री-पत्रकारांना जागा नव्हती. ओरड झाल्यावर दोन दिवसांनी त्यांना बोलावले. राज्याराज्यांचे व्यवहार असतात, ते आम्ही समजतो. पण मंत्र्यासाठी दार उघडते, तर सहावीच्या पुढे शिकू पाहणाऱ्या मुलीसाठी ते का उघडू नये? अफगाण मुलींना व्हिसा, शिष्यवृत्ती आणि राहण्याची सोय मिळावी, एवढीच आमची मागणी. ज्या मुंबईहून त्यांच्या देशावर फौजा गेल्या त्या महाराष्ट्राने ही मागणी करणे उचितच आहे.

पुढल्या बाजारी आम्ही त्या दुकानावर पुन्हा जाणार आहो. ते गृहस्थ भेटले तर सांगू, "दादा, रक्ताचा दोष नव्हे. ज्यांची नावे कोणी लिहिली नाहीत त्यांच्यापैकी ते आहेत, आणि आपणही." आणि परत येताना वाटेत एक घर लागते, त्या घरची मुलगी यंदा सातवीत आहे. वेचणी सुरू होण्याआधी तिच्या बापाशी बोलायचे आहे.