नाकातील रहिवासी

संवत्सरी प्रतिक्रमणात कुणाला शिंक आली, तर आमच्या संघात तिच्यासाठी वेगळा काउसग्ग करण्याची रीत आहे. दोन वर्षांपूर्वी ती शिंक आमच्या दाजींची होती, आणि त्यामागोमाग आणखी सात-आठ. उपाश्रयात कुणी काही बोलले नाही. पण दाजी उठून बाहेरच्या ओट्यावर जाऊन बसले ते शेवटपर्यंत आत आले नाहीत. घरी परतताना म्हणाले, “पुढच्या वर्षी मी घरीच करीन. माझ्यामुळे सगळ्यांना त्रास नको.”

दाजींचे भुसार मालाचे दुकान आहे. भाद्रपद उजाडला की त्यांचे नाक वाहू लागते, डोळे खाजतात, आणि ते शेजारच्या औषधाच्या दुकानातून प्रतिजैविकाच्या कॅप्सूल आणून तीन दिवस घेतात. असे अनेक वर्षे चालले होते. मीही नोकरीत असताना रेकॉर्ड रूममधील जुन्या खातेवह्या काढल्या की हेच करीत असे, तेव्हा त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार मला नाही.

या विकारास इंग्रजीत ‘हे फीव्हर’ म्हणतात; मात्र त्यात तापही नसतो आणि बहुधा वाळल्या गवताचा दोषही नसतो. जॉन बोस्टॉक या लंडनच्या वैद्याने १८१९ मध्ये स्वतःच्याच दुखण्याचे वर्णन वैद्यकसभेपुढे वाचले. लहानपणापासून दर उन्हाळ्यात त्यास हा त्रास होई. पुढे मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकली यांनी स्वतःच्या शरीरावर प्रयोग करून १८७३ च्या ग्रंथात दाखवून दिले, की अपराधी आहेत ते गवताचे परागकण. शरीर त्या निरुपद्रवी कणांस शत्रू समजते, हिस्टामिन सोडते, आणि शिंकांचा भडिमार सुरू होतो. आपल्याकडे पावसाळ्याच्या अखेरीस फुलणारी गवते आणि पांढऱ्या बारीक फुलांचे गाजर गवत हे काम करतात. या गाजर गवताची आपल्या देशातील ठळक नोंद १९५५ च्या सुमारास पुण्यात झाली. ते अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर आले असे म्हणतात. दाजींना हे सांगितले तेव्हा ते प्रथमच हसले.

म्हणजे हा जीवाणूंचा रोग नव्हे. मग नाकातील जीवाणूंचा येथे संबंध काय? संबंध आहे, पण आपण समजतो तसा नाही.

निरोगी माणसाच्या नाकातही असंख्य जीवाणू कायम वस्तीस असतात. त्यांतील कित्येक निरुपद्रवी असतात आणि जागा व अन्न अडवून ठेवून उपद्रवी जातींना शिरकाव करू देत नाहीत. स्टॅफिलोकोकस ऑरियस हा मात्र दुतोंडी पाहुणा आहे. वीस ते तीस टक्के प्रौढांच्या नाकात तो मुक्काम ठोकून असतो आणि बहुधा काही करीत नाही. परंतु त्याची काही विषद्रव्ये अ‍ॅलर्जीची आग भडकवू शकतात. शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ मध्ये असे नोंदविले, की परागांच्या हंगामात अ‍ॅलर्जीग्रस्तांच्या नाकातील जीवाणूंच्या जातींचे वैविध्य निरोगी लोकांपेक्षा अधिक होते. २०२३ मध्ये चीनमधील संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. स्ट्रेप्टोकोकस सॅलिव्हेरियस हा एरवी आपल्या तोंडात सुखाने नांदणारा जीवाणू. तो अशा रुग्णांच्या नाकात अधिक प्रमाणात आढळला. सुजलेल्या अंतस्त्वचेस तो घट्ट चिकटतो आणि सूज वाढवितो, असे प्रयोगांत दिसले.

येथे घाईने निष्कर्ष काढू नये. सुजेमुळे वस्ती बदलली, की बदललेल्या वस्तीमुळे सूज वाढली? दोन्ही थोडेथोडे खरे असावे असे दिसते. हिशेबात तफावत दिसली म्हणून ती कुणी केली हे लगेच सिद्ध होत नाही, एवढे बँकेत शिकलो आहे.

कॅप्सूलने मात्र परागांची अ‍ॅलर्जी जात नाही, हे निश्चित. ती गेल्यासारखी वाटते, कारण वारा फिरतो, पाऊस पडतो, किंवा आपण दुकानाऐवजी घरी बसतो. आणि त्या तीन दिवसांत नाकातील व आतड्यातील उपकारक रहिवासी मारले जातात. जे तग धरतात, ते औषधास न जुमानणारे निपजतात.

विज्ञानाचा प्रत्येक शोध आपल्या आगमांत आधीच होता, असे म्हणण्याची मला हौस नाही. निगोद आणि जीवाणू एकच, असेही मी म्हणणार नाही. पण श्रावकाच्या व्रतांत अनर्थदंड-विरमण आहे. ज्या हिंसेतून काही प्रयोजन साधत नाही, ती टाळावी. जीवाणूजन्य न्यूमोनिया झालेल्या माणसाने प्रतिजैविक घेतलेच पाहिजे, त्यात कुणी संकोच करू नये. शिंकांसाठी घेतलेली कॅप्सूल मात्र मला अनर्थदंडातच जमा करावीशी वाटते.

मी दाजींना नाक-कान-घसा तज्ज्ञांकडे नेले. त्वचेवरील चाचणीत गाजर गवत व घरातील धुळीतील माइट, दोन्ही निघाले. डॉक्टरांनी नाकात मारावयाचा स्टिरॉइडचा फवारा दिला आणि बजावले, की हा शिंक आल्यावर मारावयाचा नव्हे. हंगामापूर्वीच सुरू करून रोज घ्यावयाचा, गुण येण्यास काही दिवस लागतात. “सवय लागेल ना?” दाजींनी विचारले. “चष्म्याची लागते तेवढी,” ते म्हणाले. पोती हलविताना मास्क, आणि संध्याकाळी मिठाच्या पाण्याने नाक धुणे.

या धुण्याविषयी एक सावधगिरी. नळाचे न उकळलेले पाणी नाकात कदापि घेऊ नये. त्यातील एक अमीबा नाकावाटे मेंदूपर्यंत जाऊन माणसे दगावली आहेत. आपल्यापैकी पुष्कळ घरांत उकळलेले पाणी रोज तयार असते, ते यास उत्तम. लिटरभर पाण्यात नऊ ग्रॅम मीठ घालावे, पाणी कोमट असावे, आणि भांडे रोज स्वच्छ करून वाळवावे.

दाजींच्या गल्ल्यात आता कॅप्सूलच्या पाकिटाच्या जागी फवाऱ्याची बाटली असते. गेल्या वर्षी श्रावणापासून त्यांनी तो नेमाने घेतला. शिंका थांबल्या नाहीत, कमी झाल्या. संवत्सरीला मी मुद्दाम त्यांच्या शेजारी बसलो होतो. एकदा त्यांनी मुहपत्ती नाकाशी घट्ट धरली, डोळे मिटले, आणि ती वेळ गेली.