परतीची खूण

आपल्या जुन्या कथाकारांना गोष्ट सरळ सांगवत नसे. पंचतंत्रात विष्णुशर्मा राजपुत्रांना सिंह आणि बैलाची गोष्ट सांगतो. तीत दमनक करटकाला कावळ्याच्या जोडप्याची गोष्ट ऐकवतो आणि त्या गोष्टीतला कोल्हा कावळ्याला बगळ्या-खेकड्याची! खेकड्याने बगळ्याची मान कापली, की परतायचे कुठे? एकदम विष्णुशर्म्याकडे नव्हे. आधी कावळ्यापाशी, मग दमनकाकडे. शेवटी उघडलेली गोष्ट आधी मिटते.

संगणकाच्या पोटातही हाच कारभार चालतो. पायथन या भाषेचा इंटरप्रिटर, म्हणजे दुभाष्याच म्हणा, एकेक आज्ञा पाळत पुढे जात असतो. एका फंक्शनने दुसऱ्याला हाक मारली, की तो हातचे काम थांबवतो आणि नवा कागद घेतो. या कागदाचे नाव फ्रेम. या कामातली नावे नि त्यांची मूल्ये, अर्धवट हिशेबातले हातचे, कितव्या आज्ञेपर्यंत आलो ती खूण आणि आपल्याला बोलावले कोणी, एवढे त्यावर असते. नवा कागद जुन्यावर ठेवायचा. काम झाले, की उत्तर खालच्याला देऊन वरचा उचलायचा. कागदांची ही चळत म्हणजे कॉल स्टॅक.

एवढा खटाटोप कशाला? समजा, १ ते ५ यांचा गुणाकार हवा आहे. फंक्शन म्हणते, ‘१ ते ४ यांचा आणा, मी ५ ने गुणतो.’ आणायला जाणारे पुन्हा तेच फंक्शन! प्रत्येक खेपेला वेगळा कागद नसेल, तर ४ लिहिताना ५ पुसला जाईल. सुरुवातीच्या फोर्ट्रानमध्ये स्थानिक नावांना एकच ठरलेली जागा असे. म्हणून तिथे फंक्शनला स्वतःला हाक मारण्याची सोय नव्हती. जर्मनीत बाउअर आणि झामेलझोन यांनी १९५७ साली अशा चळतीच्या पद्धतीसाठी पेटंटचा अर्ज केला. तिला ते तळघर म्हणत.

दुभाष्या काटकसरीही आहे. पायथनच्या २०२२ साली आलेल्या ३.११ या आवृत्तीपासून तो आधी आटोपशीर टिपणावरच भागवतो. कोणी तपासायला मागितला, तरच रीतसर कागद तयार करतो. आणि हाकांना अंतच दिसेना, तर एरवी १००० च्या मर्यादेपाशी तो हात जोडतो. श्रोते झोपल्यावरही गोष्ट लांबवणाऱ्या आपल्या काही बुवांना हे कोणी सांगावे!

मला मात्र या चळतीचे मोल कळते ते चूक झाल्यावर. खोलवर कुठे तरी काम अडले आणि ती अडचण कोणी निस्तरली नाही, तर दुभाष्या नुसते ‘बिघडले’ म्हणून हात झटकत नाही. कोणी कोणाला, कितव्या ओळीवरून बोलावले, ती सारी साखळी तो छापून देतो. दोष शेवटच्या कागदावर दिसला, तरी त्याचे मूळ पुष्कळदा चार कागद खाली असते. घरात कपबशी फुटली, की आपण शेवटी हात लावणाऱ्याला धरतो. ती टेबलाच्या कडेला ठेवली कोणी, हे विचारायला निदान दिवाळीत तरी हरकत नसावी.