भुताच्या गोष्टी वाचतो, भुताचं दुकान चालवत नाही

मागच्या महिन्यात स्टाफरूममध्ये माझ्या हातात नारायण धारपांची कादंबरी पाहून एक सहकारी म्हणाले, "सर, पाच वक्त नमाज पढता आणि हे वाचता? तौबा!" त्याच आठवड्यात एका पुरोगामी मित्राने फोनवर सुनावलं, "शिक्षकानेच अंधश्रद्धेला खतपाणी घालायचं का?" एकाला माझं ईमान धोक्यात दिसतं, दुसऱ्याला माझी अक्कल. दोघांना एकदाच उत्तर देऊन टाकतो.

होय, मला भयकथांचा नाद आहे. वाचनालयातले धारप नववीतच संपवले, मग रत्नाकर मतकरी. पुढे या कथांवरच्या मालिका, सिनेमे. 'तुंबाड' 2018 मध्ये पाहिला आणि 2024 मध्ये पुन्हा लागला तेव्हा परत पाहिला. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांना त्याचं बीज 1993 मध्ये आपल्या विदर्भातल्याच नागझिऱ्याच्या जंगलात मिळालं. रात्री एका मित्राने त्यांना धारपांची गोष्ट सांगितली होती. तो सिनेमा पाहून कोणी हस्तरची पूजा करू लागलं का? उलट घरी येताना मनात एकच विचार होता, की बापाची हाव पोरात कशी उतरते. 'लपाछपी' (2017) पाहा. उसाच्या फडातल्या भुतांपेक्षा पोटातल्या मुलींना मारणारी जिवंत माणसं त्यात जास्त भीती घालतात. आणि ज्यांच्या गूढकथांनी आमची झोप उडवली, ते मतकरी 'निर्भय बनो' आणि नर्मदा आंदोलनात उतरलेले लेखक होते. भयकथा लिहिणारा माणूस लोकांना भित्रं बनवतो, हा आरोप त्यांच्यावर करून दाखवा.

आता खरी भीती कुठे विकली जाते ते सांगतो.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातली एक मुलगी तासाला बसल्या बसल्या खाली पडली. हातपाय ताठ, तोंडाला फेस. मी घरच्यांना म्हटलं, ही मिरगी वाटते, अकोल्याला मेंदूच्या डॉक्टरकडे न्या. वडील म्हणाले, "सर, उसपे साया है, आमिल साहब ने बोला." सात-आठ महिने बाहेरगावच्या त्या आमिलाच्या फेऱ्या झाल्या. पाणी फुंकून झालं, ताविज झाले, लोबानचा धूर झाला, वडिलांची एक म्हैस विकली गेली. मुलीचं वर्ष बुडालं. शेवटी मामाने हट्टाने डॉक्टरकडे नेलं, गोळ्या सुरू झाल्या आणि झटके थांबले. त्या घरात धारपांचं एकही पुस्तक नव्हतं. तिथे सिनेमा पाहणंसुद्धा गुनाह समजत.

मजहबी मित्रांना एवढंच विचारतो: कुरआनात सूरह जिन्न आहे, जिन्नांचं अस्तित्व आपण मानतो, हे कबूल. पण त्यावरून कोणालाही पाचशे रुपयांत जिन्न काढून देण्याचं दुकान मांडायची परवानगी कशी मिळते? आजारावर इलाज करा, ही आपल्या रसूलांची (स.) तालीम आहे. ती बाजूला ठेवून माझ्या पुस्तकावर फतवे काढणं सोपं आहे, कारण पुस्तक उलटून बोलत नाही. आमिल बोलतो, आणि त्याच्याशी वाकडं घ्यायची कोणाची तयारी नाही.

पुरोगामी मित्रांसाठीही एक गोष्ट. डॉ. दाभोलकरांच्या खुनानंतर 2013 मध्ये महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्याची अनुसूची वाचा. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हा गुन्हा. साप चावलेल्याला डॉक्टरकडे जाऊ न देता मंत्र घालणं हा गुन्हा. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. भुताची गोष्ट लिहिणं किंवा वाचणं त्यात कुठेच नाही. कायदा करणाऱ्यांना जो फरक कळला, तो तुम्हाला कळायला काय हरकत आहे?

कोणी म्हणेल, धारपांचे 'समर्थ'सुद्धा अघोरी शक्तींचा बंदोबस्त करतातच, मग ही आमिलाचीच जाहिरात नाही का? प्रश्न रास्त आहे. पण पुस्तक मिटलं की समर्थ घरी येऊन नजराणा मागत नाहीत. कादंबरीवर 'कादंबरी' असं छापलेलं असतं. मला चीड येते ती 'सत्यघटनेवर आधारित' या पाटीची, आणि 'असली जिन्न कैमरे में कैद' असल्या व्हिडिओंची. हे व्हिडिओ मला पाठवणारे कोण? मला तौबा करायला सांगणारेच! गोष्टीला खरं म्हणून विकलं की तिथून दुकान सुरू होतं.

पावसाळ्यातल्या शनिवारी मी सातवीच्या वर्गात भुताची गोष्ट सांगतो. मुलं एकमेकांना चिकटून बसतात. गोष्ट संपली की विचारतो, भीती नेमकी कुठे वाटली? दार कसं वाजलं असेल? मी काय लपवून ठेवलं होतं? दहा मिनिटांत मुलं माझं भूत उघडं पाडतात, माझ्या दोन-तीन चुकाही काढतात. असा सराव झालेलं पोर मोठेपणी आमिलासमोर बसलं, तर हेच प्रश्न विचारेल. म्हणून मी हे शनिवार बंद करणार नाही.

आपलं मंगरूळपीर दादा हयात कलंदरांच्या नावाने ओळखलं जातं. वलींच्या आदबीला कोण नाही म्हणतंय? पण त्या आदबीच्या आडोशाला धंदा करणाऱ्यांना येत्या जुम्याच्या बयानात नाव घेऊन जाब विचारा. ते झालं की माझ्या हातातल्या कादंबरीबद्दल खुशाल बोला. मी ऐकून घेईन.