स्टाइल स्वतःची हवी

‘फोटो आहे तसा आहे, काहीही एडिट केलेले नाही,’ असे अभिमानाने सांगणारे फोटोग्राफर आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांच्या मते कॅमेऱ्याने टिपलेली कच्ची, म्हणजे रॉ फाइल घेऊन संगणकापुढे बसणे ही निसर्गाच्या कामातली लुडबुड, आणि एकदा केलेल्या संस्कारांची स्टाइल जपून ठेवून ती पुढच्या फोटोंवर लावणे हा तर निव्वळ आळस. हे मत प्रामाणिक असेल, पण ते चुकीचे आहे. डार्कटेबल किंवा रॉथेरपी यांसारख्या खुल्या सॉफ्टवेअरमध्ये स्वतःची स्टाइल घडवणे हा गंभीरपणे फोटो काढण्याचाच भाग आहे, असे माझे म्हणणे आहे.

आधी हा ‘आहे तसा’ फोटो कुठे असतो ते पाहू. कॅमेऱ्याच्या सेन्सरला रंग कळत नाही, फक्त उजेडाचे माप कळते. म्हणून बहुतेक कॅमेऱ्यांत त्याच्या प्रत्येक बिंदूवर लाल, हिरवी किंवा निळी गाळणी बसवलेली असते. कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांच्या या मांडणीला १९७६ साली पेटंट मिळाले. तिच्यात दर चार बिंदूंमागे दोन हिरवे, एक लाल आणि एक निळा असतो. म्हणजे कोणत्याही बिंदूपाशी एकाच रंगाचे माप खरोखर घेतलेले असते, उरलेले दोन शेजारच्या बिंदूंवरून हिशेबाने काढावे लागतात. त्यानंतर व्हाइट बॅलन्स, कॉन्ट्रास्ट आणि रंगांची गडदता ठरते. हे सगळे कुणीतरी ठरवल्याशिवाय फोटो दिसूच शकत नाही. जेपेग काढलात तर ते कॅमेरा ठरवतो. कॅननमध्ये त्याला पिक्चर स्टाइल म्हणतात, निकॉनमध्ये पिक्चर कंट्रोल, फुजीफिल्ममध्ये फिल्म सिम्युलेशन. ‘एडिट न केलेल्या’ फोटोवरही स्टाइल लागलेली असतेच, ती फक्त कंपनीच्या अभियंत्यांनी निवडलेली असते. शिवाय चौदा बिटच्या रॉ फाइलमध्ये प्रत्येक रंगाच्या १६,३८४ पायऱ्यांना जागा असते, आठ बिटच्या जेपेगमध्ये २५६ उरतात. बाकीचे कॅमेऱ्याने आपल्याला न विचारता टाकून दिलेले असते.

कंपनीची निवड तटस्थ असते, हा समज इतिहासानेच खोडून काढला आहे. फिल्मच्या काळात कोडॅक रंग जुळवण्यासाठी लॅबना जी ‘शर्ली कार्डे’ पुरवत असे, त्यांवर कित्येक वर्षे गोऱ्या बाईचाच चेहरा होता. त्या कातडीला जे चांगले दिसे ते बरोबर ठरले, आणि सावळ्या चेहऱ्यांचा तपशील काळोखात गेला. आजचे कॅमेरे त्या मानाने फार पुढे आले आहेत, पण रंग कसा असावा हे कुणाच्या तरी आवडीवर ठरते, ही गोष्ट बदललेली नाही. आपल्याकडचा हळदीचा कार्यक्रम घ्या. मांडवाच्या पिवळ्या-गुलाबी कापडातून झिरपणारे ऊन, वर एलईडीचे दिवे आणि हळदीने माखलेला नवरीचा सावळा चेहरा. अशा वेळी ऑटो व्हाइट बॅलन्सला पिवळा हा दोष वाटू शकतो. तो दुरुस्त करण्याच्या नादात हळद निस्तेज होते आणि चेहऱ्यावर निळसर करडी छटा येते. रॉ फाइल असेल तर हा निर्णय नंतर शांतपणे पुन्हा घेता येतो, जेपेगमध्ये फारच थोडा. त्या हळदीचा रंग मांडवात उभ्या असलेल्या माणसाने ठरवावा की कॅमेऱ्याने?

‘मग खोटेपणाला मोकळे रान मिळेल,’ असे यावर म्हटले जाते. पण छायाचित्रकार अँसल अ‍ॅडम्स यांनी १९४१ साली काढलेल्या ‘मूनराइज, हर्नांडेझ’ या फोटोच्या पुढच्या काळातल्या प्रिंटांत आकाश पहिल्या प्रिंटांपेक्षा कितीतरी काळे आहे. निगेटिव्ह तीच, पण अर्थ त्यांनी नव्याने लावला. त्याला कुणी खोटे म्हणत नाही. खोटेपणा असतो तो फोटोत नसलेली वस्तू आणण्यात किंवा असलेली पुसण्यात, आणि तो पकडायला रॉ फाइलच उपयोगी पडते. वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धा म्हणूनच अंतिम टप्प्यातल्या छायाचित्रकारांकडून मूळ फाइल मागवते. डार्कटेबल तर मूळ रॉ फाइलला हातच लावत नाही. केलेला प्रत्येक बदल शेजारच्या छोट्या एक्सएमपी फाइलमध्ये लिहिला जातो, पायरीपायरीने दिसतो आणि केव्हाही मागे घेता येतो.

स्टाइलवरचा आक्षेप मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात अर्धे सत्य आहे. विकत मिळणाऱ्या तयार स्टाइलनी, म्हणजे प्रीसेटांनी, लग्नाचे आल्बम एकसारखे करून टाकले आहेत: नारिंगी कातडी, निळसर सावल्या आणि आषाढातल्या कोकणाचा ओला हिरवा सुकवून केलेला मातकट रंग. याची चीड आक्षेप घेणाऱ्यांइतकीच मलाही येते. पण हा दोष उसन्या स्टाइलचा आहे. स्वतःची स्टाइल आधी बनत नाही, ती हाताने केलेल्या कामातून शेवटी उरते. एकाच प्रकारच्या उजेडातले फोटो एकेक करून हाताने घडवत गेले की काही निर्णय आपण पुन्हा पुन्हा तेच घेतो आहोत, हे लक्षात येते. तेवढेच स्टाइलमध्ये जायला हवेत.

डार्कटेबलमध्ये स्टाइल साठवताना कोणते मॉड्यूल घ्यायचे आणि कोणते वगळायचे, हे निवडता येते. खरी परीक्षा तिथे होते. एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स आणि क्रॉप त्या त्या क्षणाचे असतात, ते वगळावेत. उजळ आणि गडद भागांचा मेळ घालणारे फिल्मिक किंवा सिग्मॉइड, सावल्यांचा आणि मध्यम छटांचा रंग ठरवणारे कलर बॅलन्स, लेन्सची दुरुस्ती या गोष्टी आपल्या नजरेच्या आणि आपल्या उपकरणांच्या असतात, त्या घ्याव्यात. अशी स्टाइल शेकडो फोटोंवर एकदम लावली तरी ते एकसारखे होत नाहीत, कारण प्रत्येकाचा उजेड अजून ठरवायचाच असतो. ‘गिऱ्हाइकाला दोन दिवसांत आल्बम हवा असतो’ ही स्टुडिओवाल्यांची अडचण खरी आहे, आणि तिच्यावरचा उपायही हाच. यंत्रवत काम स्टाइलने उरकावे आणि वाचलेला वेळ चेहऱ्यांना द्यावा.

राहिला खुल्या सॉफ्टवेअरचा प्रश्न. ‘फुकटचे ते कच्चे’ हे वाक्य मी असंख्य वेळा ऐकले आहे. डार्कटेबल शिकायला कठीण आहे, हे मान्य. रॉ फाइल उघडल्यावर ती कॅमेऱ्याच्या जेपेगपेक्षा फिकी दिसते आणि नवखा माणूस तिथेच परत फिरतो. कॅननची सीआर३ प्रकारची रॉ फाइल २०१८ मध्ये आली, डार्कटेबलला ती वाचता यायला २०२१ चा डिसेंबर उजाडला. एकाच कामासाठी तीन-तीन मॉड्यूल दिसतात, तेव्हा गोंधळ होतोच. पण या गर्दीमागे एक कारण आहे. जुने मॉड्यूल मागे पडले तरी ते काढून टाकले जात नाही. जुन्या फोटोवर ते वापरलेले असेल, तर तो फोटो आजही तसाच उघडावा यासाठी ते आत ठेवलेले असते.

दुसरीकडे, विकतच्या सॉफ्टवेअरमध्ये काय घडले तेही पाहावे. अ‍ॅपलचे अ‍ॅपर्चर २००५ साली आले आणि २०१५ मध्ये विक्रीतून गेले. त्यात वर्षानुवर्षे केलेले संस्कार नव्या मॅकवर उघडत नाहीत. लाइटरूमची एकदाच पैसे भरून मिळणारी शेवटची आवृत्ती २०१५ ची. आता वर्गणी थांबली की फोटो दिसतात, पण डेव्हलपचा विभाग बंद होतो. लाइटरूम वाईट आहे असे मी म्हणत नाही, ते उत्तम आहे. पण वीस वर्षांत घडलेली आपली नजर दरमहा भाडे भरून वापरावी लागणे मला मान्य नाही. डार्कटेबल २००९ पासून आणि रॉथेरपी २०१० पासून जीपीएल परवान्याखाली खुले आहे. उद्या त्यांच्या कर्त्यांनी काम सोडले तरी ते दुसऱ्या कुणाला पुढे नेता येईल. रॉथेरपी केलेले बदल ज्यात लिहिते ती पीपी३ फाइल तर साध्या नोटपॅडमध्ये उघडून वाचता येते.

म्हणून तालुक्यातालुक्यांतल्या फोटोग्राफर संघटनांना आणि फोटोग्राफीच्या वर्गांना माझी एक सूचना आहे. प्रदर्शनात नुसता प्रिंट लावू नका, त्याची रॉ फाइल आणि स्टाइलही सभासदांना द्या. सावळी त्वचा, पावसाळी हिरवा, मांडवातला उजेड यांसाठी कुणी कोणता निर्णय घेतला, हे दुसऱ्याला आपल्या संगणकावर उघडून पाहता येईल, बदलता येईल, आणि ‘हे मला पटत नाही, माझे असे आहे’ म्हणून परत पाठवता येईल. सॉफ्टवेअरवर कुणालाही एक रुपया खर्च करावा लागणार नाही.