चॅलेंज व्होटची थाप

निवडणूक आली की मोबाईलवर एक निरोप हमखास फिरतो. 2019 मध्ये फिरला, 2024 मध्येही फिरला. मतदार यादीत नाव नसले तरी चिंता नको, आधार कार्ड दाखवा, कलम 49-ए खाली 'चॅलेंज व्होट' मागा, असे त्यात असते. आपल्या नावावर दुसऱ्याने मत टाकले असल्यास 'टेंडर व्होट' मागा. असे व्होट 14 टक्क्यांच्या वर गेले की फेरमतदान होते, हेही वर जोडलेले.

आम्ही पडलो कारकून. कलमाचा आकडा दिसला की मूळ नियम उघडून पाहण्याची खोड जात नाही. 1961 च्या निवडणूक संचालन नियमांत 49-ए आहे खरा, पण तो मतदान यंत्राच्या रचनेविषयी आहे. आव्हानाची गोष्ट 49-जे मध्ये येते आणि ती नेमकी उलटी आहे. तिथे उमेदवाराचा प्रतिनिधी दोन रुपये भरून मतदाराच्या ओळखीवर हरकत घेतो. टेंडर मत 49-पी प्रमाणे मिळते, पण त्यासाठीही नाव यादीत हवेच. ते मत यंत्रावर नसते. कागदी मतपत्रिकेवर देऊन वेगळ्या लखोट्यात बंद होते आणि नेहमीच्या मोजणीत येत नाही. 14 टक्क्यांचा नियम तर कुठेच नाही.

पण वाचक हो, या थापेत कलम आहे, आकडा आहे आणि आपल्या हक्काची भाषा आहे. म्हणूनच ती आपल्या वस्तीत लवकर खपते. पाठविणाराही बहुधा आपलाच माणूस असतो, भल्यासाठीच पाठवितो.

1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच जणांना ठार मारले. ते भिक्षेवर जगणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते. त्यानंतर देश हादरला, व्हॉट्सॲपने त्याच महिन्यात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविण्याची मर्यादा भारतात आणली. मतदानाच्या अफवेचा मात्र पंचनामा होत नाही. बुटीबोरीहून रोजी पाडून आलेला माणूस केंद्रावर जातो, यादीत नाव सापडत नाही, तो 49-ए सांगतो, अधिकारी मान हलवतो. रांगेतले लोक हसतात. तो मुकाट्याने घरी येतो आणि पुढच्या वेळी जाईलच, याची खात्री नाही.

27 जानेवारी 1919 रोजी साउथबरो समितीपुढे बाबासाहेबांनी मताधिकाराविषयी साक्ष दिली. पुढे 1935 च्या कायद्यातही मतासाठी मालमत्ता, कर किंवा शिक्षणाच्या अटी राहिल्याच. संविधानाच्या कलम 326 ने त्या काढल्या. आज आपल्याला कोणी अडवीत नाही. आधीच सावध होण्याची वेळ ही थाप निघून जाऊ देते. 26 एप्रिल 2024 ला वर्धा लोकसभेचे मतदान झाले. त्या दिवशी यादी शोधून उपयोग नव्हता. उमेदवारी अर्जाची शेवटची तारीख उलटली की यादीत नाव चढत नाही.

ओळखपत्र पेटीत असणे आणि यादीत नाव असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ओळखपत्र असूनही नाव वगळलेले असू शकते. भाड्याची खोली बदलणारे, बाहेरगावी कामाला गेलेले आणि लग्न होऊन दुसऱ्या गावी नांदणाऱ्या लेकी, यांनी आधी पाहावे. पत्ता बदलला असल्यास नमुना 8, नाव नव्याने घालायचे असल्यास नमुना 6. दोन्ही आपल्या भागाच्या बीएलओकडे देता येतात. अनेक गावांत हे काम अंगणवाडीच्या ताई किंवा शाळेचे गुरुजी करतात. 1950 या क्रमांकावर फोन करूनही विचारता येते. घरात अठराव्या वर्षात पोरगा-पोरगी असेल तर जानेवारीची वाट पाहत बसू नये. 2022 पासून 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर अशा चारही तारखा धरल्या जातात.