एकटं औषध, एकटा सर्व्हर

आमच्या धंद्यात एकाच सर्व्हरवर कोणी बँक चालवत नाही. एक बसला तर दुसरा उभा पाहिजे, हे फ्रेशरलाही पहिल्या महिन्यात कळतं. टीबीच्या डॉक्टरांना हेच कळायला बरीच माणसं दगावावी लागली.

स्ट्रेप्टोमायसिन सापडलं 1943 मध्ये. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने 107 पेशंटांवर त्याची चाचणी घेतली. 55 जणांना औषध आणि विश्रांती, 52 जणांना नुसती विश्रांती. कोण कुठल्या गटात, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. 6 महिन्यांनी औषधवाल्यांतले 4 दगावले होते, बाकीच्यांतले 14. 1948 साली निकाल छापून आला तेव्हा पेढे वाटायला हरकत नव्हती. पण 5 वर्षांनी हिशोब मांडला तर आकडे होते 32 आणि 35. म्हणजे जवळजवळ सारखेच!

कारण साधं होतं. औषध एकटं होतं. त्याला दाद न देणारे थोडे जंतू आधीपासूनच फुप्फुसात होते. बाकीचे मेले आणि यांना मोकळं रान मिळालं. पुढच्या चाचणीत स्ट्रेप्टोमायसिनच्या जोडीला पीएएस दिलं आणि असे चिवट जंतू निघण्याचं प्रमाण एकदम घसरलं.

आता गणित बघा. आयसोनियाझिडला न जुमानणारा जंतू साधारण 10 लाखांत एक, रिफॅम्पिसिनला न जुमानणारा साधारण 10 कोटींत एक. फुप्फुसातल्या एका पोकळीत 10 कोटी जंतू सहज असतात. एकच औषध दिलं तर कोणीतरी वाचणारच. दोन्ही दिली तर शक्यतांचा गुणाकार होतो आणि दोघांनाही पुरून उरणारा जंतू 100 लाख कोटींत एक! एवढे जंतू एका माणसात मावत नाहीत.

पण मंडळी, हा गुणाकार दोन्ही सर्व्हर खरंच चालू असतील तरच खरा. जंतू आधीच एका औषधाला सरावलेला असेल, तर कागदावर जोडी आणि प्रत्यक्षात दुसरं एकटंच लढतंय. म्हणून औषधं द्यायची एकत्र, पण लॅबमध्ये तपासायची एकेकटी. आपल्याकडे सीबीनॅट तासा-दोन तासांत रिफॅम्पिसिनबद्दल सांगतं, आयसोनियाझिडबद्दल नाही. त्यासाठी वेगळी टेस्ट लागते. टीबी निघाला तर 'फक्त रिफॅम्पिसिन तपासलंय की आयसोनियाझिडही?' हे डॉक्टरांना विचारायला लाजू नका.

माझा खरा राग आहे तो आपल्या घाईवर. दोन आठवडे खोकला जात नाही, सोमवारी रिलीज आहे, मग केमिस्टकडून लेव्होफ्लॉक्सासिनची स्ट्रिप. हे औषध टीबीच्या जंतूवरही चालतं. त्यामुळे चार दिवस बरं वाटतं, निदान लांबतं, आणि खरंच टीबी असेल तर आपण 1948 ची तीच चूक स्वतःच्या फुप्फुसात करत असतो. 2014 पासून हे औषध एच-वन यादीत आहे, म्हणजे चिठ्ठीशिवाय मिळायलाच नको. मिळतं ते आपण मागतो म्हणून.

हे किती महागात पडतं ते मुंबईने पाहिलंय. तपासलेल्या एकाही औषधाला दाद न देणारे पेशंट इथल्या डॉक्टरांनी 2012 च्या सुमारास जगापुढे आणले. अशा हट्टी टीबीवर आता बेडाक्विलिन, प्रीटोमॅनिड आणि लिनेझोलिड अशी नवी जोडगोळी आहे, साधारण 6 महिन्यांची. पण तीही आपण एकेक करून वाया घालवू शकतो.

तेव्हा दोन आठवड्यांवर खोकला गेला की आधी थुंकीची तपासणी, मग औषध. आणि सुरू झालेला कोर्स बरं वाटलं म्हणून सोडायचा नाही. बॅकअप आहे म्हणून मेन सर्व्हर बंद करणाऱ्याला आपण ऑफिसात काय म्हणतो, ते इथे लिहीत नाही. असो.