साबरमतीवरचा बंद विमानतळ

अहमदाबादेतील पालडी हा जैन कुटुंबांच्या दाट वस्तीचा भाग. तेथून जवळच, आंबेडकर पुलाशेजारी, ३१ ऑक्टोबर २०२० रोजी साबरमतीच्या पाण्यावर विमानतळ सुरू झाला. धावपट्टी म्हणजे नदीचे पात्रच. प्रवाशांच्या चढ-उतारासाठी तरंगता धक्का. सरदार पटेलांच्या जयंतीचा मुहूर्त होता आणि पंतप्रधानांनी स्वतः केवडियाहून त्या विमानाने प्रवास केला. रस्त्याने सुमारे दोनशे किलोमीटरचे अंतर तासाभराच्या आत कापले जाऊ लागले. भाडे १५०० रुपयांपासून पुढे. एप्रिल २०२१ मध्ये ही सेवा थांबली ती थांबलीच.

व्यापारी माणूस अशा वेळी प्रथम वही उघडतो. सारा व्यवहार एका विमानावर उभा होता आणि तेही मालदीवहून आलेले, तेथेच नोंदलेले. ‘ट्विन ऑटर’ जातीचे हे विमान एकोणीस आसनांचे म्हणून ओळखले जाते; परंतु चाकांच्या जागी मोठाले पोकळ तरंगक बसवले की वजन वाढते, हवेचा अवरोध वाढतो आणि तितके प्रवासी घेता येत नाहीत. या तरंगकांत झिरपलेले पाणी नियमाने उपसावे लागते. वारा पडून नदी आरशासारखी स्थिर झाली, तर पाहणाऱ्याला ती सुंदर दिसते, वैमानिकाला मात्र पाणी नेमके किती खाली आहे हेच उमगत नाही. त्याला किंचित तरंग असलेले पाणी सोयीचे. पात्रात होडी नको, ओंडका नको, जलपर्णी नको. हे सारे सांभाळण्याचा खर्च तिकिटाच्या दरात कोठेच दिसत नाही.

सेवा सुरू होऊन महिना होतो न होतो तोच विमान देखभालीसाठी मालदीवला परतले. दुसरे विमान नव्हते, म्हणून डिसेंबरअखेरपर्यंत धक्का ओस पडला. दुकानदाराने आपला एकुलता एक तराजू तपासणीसाठी परगावी पाठवावा आणि तो परत येईपर्यंत दुकानाला कुलूप लावावे, त्यातलाच हा प्रकार. तशात १७ जानेवारी २०२१ रोजी केवडियाला रेल्वे पोहोचली. अहमदाबादहून जाणाऱ्या जनशताब्दीला तर काचेच्या छताचा डबाही होता. शेकडो माणसे नेणाऱ्या गाडीपुढे या चिमुकल्या विमानाचा हिशेब कसा जुळावा? एप्रिलमध्ये करोनाची दुसरी लाट आली. पुढे राज्य सरकारने विधानसभेत विमानाची परदेशी नोंदणी आणि चालवण्याचा मोठा खर्च ही कारणे सांगितली. या प्रकल्पावर तोवर सुमारे १३ कोटी रुपये खर्ची पडले होते.

रुपयांत न मांडता येणारी एक नोंद याच वहीत आहे. केवडियाला विमान उतरत असे ते पंचमुली तळ्यात. धरणालगतच्या बांधामुळे झालेल्या या तळ्यात मगरी राहत. विमानासाठी पाणी निर्धोक हवे, म्हणून जानेवारी २०१९ मध्ये वनखात्याने पिंजरे लावून त्यांना पकडण्यास आरंभ केला आणि वाहनांत घालून अन्यत्र नेऊन सोडले. मगर हा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतील, म्हणजे वाघाच्या पंक्तीतला जीव. तिने काठात खणलेले बीळ, ऊन खाण्याची जागा, अंडी घालण्याचा उतार हे तिचे घर असते. तेथून उचलून नव्या पाण्यात सोडले, तर त्या पाण्यातही आधीपासून कोणी राहत असतेच. वन्यजीवांच्या अभ्यासकांनी तेव्हाच हरकत घेतली होती. ज्या उड्डाणांसाठी हे केले, ती मधला खंड धरूनही साडेपाच महिने पुरी चालली नाहीत.

अहमदाबादेत साबरमती वर्षभर भरलेली दिसते, ती मुख्यत्वे नर्मदेच्या कालव्याच्या पाण्याने. वासणा बंधारा ते अडवून धरतो. विमान नर्मदेच्या पाण्यावरून उडून नर्मदेच्याच पाण्यावर उतरत असे. विमान बंद झाले. सरदार सरोवराचे पाणी मात्र कालव्याने, आपल्या संथ गतीने, अजूनही त्या धक्क्यापर्यंत येतच आहे.